‘पूर्वी आलेले वेगळे होते’ : ही तुलना नेमकी कुठे फसते?

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने नव्या एच-वन-बी व्हिसा अर्जांवर, म्हणजे तिकडे नोकरीला जाणाऱ्या शिकलेल्या परदेशी माणसांच्या परवान्यावर, एक लाख डॉलरचं शुल्क लावलं आणि पुण्यात घरोघरी फोन सुरू झाले. मुलगा, सून, भाचा, शेजाऱ्यांची नात, कुणी ना कुणी तिकडे असतंच. त्या काळजीच्या बोलण्यात एक सूर मात्र कानाला खटकत राहिला. चाळीस वर्षांपूर्वी तिकडे जाऊन स्थिरावलेली आपलीच माणसं म्हणत होती, "आमच्या वेळी आलेले वेगळे होते. आम्ही मान खाली घालून काम केलं. हे आताचे घोळके करून राहतात, तिथल्या लोकांत मिसळतच नाहीत."

त्याच वर्षी इकडे पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा शासन निर्णय एप्रिलमध्ये निघाला आणि बराच गदारोळ होऊन २९ जूनला मागे घेतला गेला. भाषेच्या त्या वादातून बोलणं सरकारवरून घसरून लवकरच माणसांवर आलं. सोसायटीच्या सभेत, दुकानाच्या पायरीवर, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत लोक म्हणू लागले, "पुण्यात पूर्वीही बाहेरून लोक यायचेच की. पण ते इथले होऊन गेले. आताचे तसे नाहीत."

न्यू जर्सीतल्या काकांचं वाक्य आणि पुण्यातल्या सभेतलं वाक्य एकाच साच्यातून निघालेलं आहे. दोन्हीकडे जुने ते चांगले आणि नवे ते कमअस्सल. मला ही तुलना अन्यायाची वाटते, हे सुरुवातीलाच सांगते. पण अन्याय आहे असं नुसतं म्हणून कुणाला पटत नाही. म्हणून ही तुलना आतून कशी चालते आणि तिचं गणित कुठे चुकतं, ते उलगडून बघू.

## आधी एक फरक स्पष्ट करू

पोटासाठी, शिक्षणासाठी किंवा जीव वाचवण्यासाठी आपली जागा सोडून दुसरीकडे वस्तीला जाणारा माणूस म्हणजे स्थलांतरित. तो देशाची सीमा ओलांडून गेला असेल तर तिथल्या कायद्याच्या लेखी परदेशी असतो आणि त्याला राहण्याची परवानगी लागते. बिहारमधून, ओडिशातून किंवा लातूरहून पुण्यात आलेल्या माणसाला कुणाचीही परवानगी लागत नाही. देशात कुठेही जाण्याचा आणि राहण्याचा हक्क त्याला राज्यघटनेच्या १९व्या कलमाने दिला आहे, आणि तो त्याचा तेवढाच आहे जेवढा पुण्याहून बंगळुरूला गेलेल्या आपल्या मुलाचा आहे.

म्हणजे कायद्याच्या दृष्टीने अमेरिकेतला मराठी इंजिनिअर आणि वारज्यातला बिहारी गवंडी यांची अवस्था सारखी नाही. पण दोघांकडे बघून जी तुलना केली जाते, तिच्यात होणाऱ्या चुका तंतोतंत सारख्या आहेत. म्हणून दोन्ही उदाहरणं इथे शेजारी ठेवली आहेत.

## पहिली चूक : पन्नास वर्षं मुरलेला आणि काल आलेला

पिंपरी कॅम्पात आज फेरफटका मारला तर काय दिसतं? कापडाची, भांड्यांची, इलेक्ट्रिकच्या सामानाची भरलेली दुकानं आणि गिऱ्हाइकाशी सफाईने मराठीत बोलणारे दुकानदार. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांची ही तिसरी-चौथी पिढी. त्यांच्याकडे बोट दाखवून लोक म्हणतात, "बघा, निर्वासित म्हणून आले आणि कुठल्या कुठे गेले. नाहीतर हे आताचे मजूर."

पण यात तुलना कुणाची कुणाशी झाली? १९४७ नंतर आलेल्या माणसांच्या नातवंडांची, गेल्या दिवाळीनंतर आलेल्या माणसाशी. नव्याची बरोबरी लावायचीच असेल तर ती त्या निर्वासित वसाहतीतल्या पहिल्या चार-पाच वर्षांशी लावायला हवी. तेव्हा ती माणसं सरकारने दिलेल्या आसऱ्यात राहत होती, मिळेल ती वस्तू विकत होती, आणि त्यांची भाषा, लिपी, जेवणखाण सगळंच आसपासच्यांना परकं होतं. तेव्हा त्यांच्याकडे कौतुकाने कुणी बघत नव्हतं. कौतुक सुरू झालं ते दुकानं उभी राहिल्यावर.

अगदी जुन्या पेठांचंही तेच आहे. खुद्द पेशव्यांचं घराणं श्रीवर्धनचं. शनिवारवाड्याचा पाया १७३० मध्ये पडला आणि त्यानंतरच्या काळात कोकणातून, कर्नाटकातून, गुजरातेतून, मारवाडातून माणसं येत राहिली. कसब्यातल्या तांबट आळीतले तांबट कोकणातून आले. टिळक रत्नागिरीला जन्मले आणि लहानपणी वडिलांबरोबर पुण्यात आले. फुल्यांचं घराणं मूळचं साताऱ्याकडच्या कटगुणचं. १९३५ साली सुरू झालेलं गुडलक कॅफे इराण्याचं. ‘अस्सल पुणेकर’ म्हणून जे काही आपण अभिमानाने पाहुण्यांना दाखवतो, त्यातलं बहुतेक कुणीतरी गाठोडं घेऊन इथे आणलेलं आहे. फक्त ते गाठोडं उघडलं तेव्हा आपण तिथे नव्हतो.

## दुसरी चूक : जे दिसतात तेवढेच होते असं समजणं

जुना, भक्कम, दोनशे वर्षं उभा असलेला वाडा बघून लोक हमखास म्हणतात, "पूर्वीचं काम बघा, नाहीतर आताच्या इमारती." पण त्याच काळात बांधलेले जे वाडे जळले, खचले, पावसाळ्यात भिंत कलंडून बसले, १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटून आलेल्या पाण्यात वाहून गेले, ते आज दाखवायला शिल्लकच नाहीत. जे पडलं ते नजरेआड झालं, आणि जे उरलं त्यावरून आपण सगळ्या काळाचा अंदाज बांधला. अभ्यासक याला उरलेल्यांचा भ्रम म्हणतात.

माणसांच्या बाबतीत हा भ्रम अधिक घट्ट बसतो. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला युरोपातून जे लोंढे आले, त्यातले सर्वच तिथे राहिले नाहीत. साधारण दर तीन-चार जणांमागे एक परत गेला. इटलीहून आलेल्यांत तर परतणाऱ्यांचं प्रमाण याहून बरंच जास्त होतं. कुणाला काम मिळालं नाही, कुणाची तब्येत बिघडली, कुणी पैसे साठवून गावी जमीन घ्यायलाच आला होता. ते परत गेले आणि त्यांचे वंशज आज अमेरिकेत नाहीत. मग आजचा अमेरिकन माणूस जेव्हा म्हणतो, "माझे पणजोबा कसे रिकाम्या हाताने आले आणि कसे टिकले," तेव्हा तो टिकलेल्याचाच पणतू असतो. न टिकलेल्याचा पणतू सिसिलीतल्या एखाद्या गावात आहे, तो हे वाक्य कशाला म्हणेल?

पुण्यात १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून, सोलापूर-नगरच्या कोरड्या पट्ट्यातून जी माणसं आली, त्यांच्याबद्दल आज आदराने बोललं जातं. कचरा वेचून पोरं शिकवणाऱ्या बायका त्यांच्यातल्याच होत्या, आणि १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली ती अशा बायकांच्या बळावर. हा आदर योग्यच आहे. पण त्या साली पुण्याच्या स्टेशनवर उतरलेले कितीतरी जण पाऊस पडताच गावी परतले, काही दारूत गेले, काही आजाराने गेले. त्यांचा हिशेब आपण धरत नाही, आणि नव्यांच्या बाबतीत मात्र प्रत्येक फसलेला, भांडलेला, रस्त्यावर थुंकलेला माणूस हिशेबात धरतो.

याला लागून आणखी एक गफलत होते. जुन्यांचा प्रतिनिधी म्हणून आपल्याला आठवतात पंडित भीमसेन जोशी. गदगकडचा कानडी मुलगा, ज्याने १९५३ मध्ये आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला आणि पुण्याची ओळखच घडवली. नव्यांचा प्रतिनिधी म्हणून आठवतो प्लॅटफॉर्मवर पिशव्यांवर झोपलेला घोळका. एका बाजूचा सर्वोत्तम आणि दुसऱ्या बाजूचा सर्वांत थकलेला माणूस निवडला तर निकाल आधीच ठरलेला असतो.

## तक्रार जुनी, माणसं फक्त बदललेली

ही तुलना चुकीची आहे याचा सगळ्यात ठोस पुरावा असा की ती प्रत्येक पिढीबद्दल झालेली आहे. अमेरिकेत याची लेखी नोंदच सापडते.

१७५१ मध्ये बेंजामिन फ्रँकलिनने लिहून ठेवलं की पेनसिल्व्हेनियात येणारे जर्मन इंग्रजांच्या चालीरीती उचलणार तर नाहीतच, उलट इंग्रजांनाच जर्मन करून टाकतील. शंभर वर्षांनी तीच तक्रार दुष्काळातून पळून आलेल्या आयरिश लोकांबद्दल झाली. तोवर जर्मन बऱ्यापैकी ‘आपले’ झाले होते. १९०७ मध्ये अमेरिकी संसदेने डिलिंगहॅम आयोग नेमला. त्याने १९११ पर्यंत ४१ खंडांचा अहवाल तयार केला आणि स्थलांतरितांचे सरळ दोन गट पाडले. ‘जुने’ म्हणजे इंग्रज, जर्मन, आयरिश, स्कँडिनेव्हियन, अर्थात चांगले. ‘नवे’ म्हणजे इटालियन, पोलिश, ज्यू, ग्रीक, अर्थात अडाणी, घोळक्याने राहणारे, पैसे कमवून परत जाणारे. आयरिश माणूस आता ‘जुन्या चांगल्यां’त जाऊन बसला होता, हे लक्षात घ्या.

आयोगाच्या या विभागणीतून १९२४ चा कायदा आला. कुठल्या देशातून किती जणांना घ्यायचं हे ठरवताना त्या देशाचे जितके लोक १८९० च्या जनगणनेत अमेरिकेत होते त्यांच्या दोन टक्के, असा हिशेब लावला. १८९० का? कारण तोवर इटालियन आणि ज्यूंची मोठी लाट यायची होती. तुलनेने निघालेलं मत कायद्यात उतरलं की काय होतं, याचं हे उदाहरण आहे. पुढे १९३० च्या दशकात जर्मनीतून पळू पाहणाऱ्या ज्यू कुटुंबांना या कोट्याने अडवलं.

आज त्याच इटालियन आणि ज्यू स्थलांतरितांचं उदाहरण देऊन मेक्सिको, ग्वाटेमाला, हैतीहून येणाऱ्यांना ऐकवलं जातं.

आणि यात आपण कुठे होतो? १९१७ च्या कायद्याने भारतासह आशियाच्या मोठ्या पट्ट्यातून येणाऱ्यांना बंदी झाली. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद या शीख माणसाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस नागरिकत्वाला पात्र नाही असा निकाल दिला. थिंदने पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्याच सैन्यात चाकरी केली होती. १९४६ मध्ये दार किलकिलं झालं, भारतीयांना वर्षाला १०० जागा. खरं दार उघडलं ते १९६५ च्या कायद्याने, आणि त्यातून डॉक्टर, इंजिनिअर, संशोधक यांना वाट मिळाली. न्यू जर्सीतले काका त्या वाटेने गेले. ते हुशार होते यात शंका नाही. पण त्यांच्या पिढीत पदवीधरांचाच भरणा असण्याचं कारण कायद्याने लावलेली चाळणी हे होतं, आणि ती पदवी त्यांनी इथल्या करदात्यांच्या पैशावर चालणाऱ्या कॉलेजात जवळजवळ फुकट मिळवली होती.

रॅन अब्रामित्स्की आणि लिआ बूस्तान या दोन अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या जुन्या जनगणनांच्या लाखो नोंदी जोडून बाप-लेकांच्या कमाईचा मागोवा घेतला. शंभर वर्षांपूर्वी गरीब इटालियनाची मुलं ज्या वेगाने वर चढली, जवळपास त्याच वेगाने आज गरीब मेक्सिकनाची मुलं चढतात, असं त्यांना आढळलं. मुलांची नावं ठेवण्यावरूनही त्यांनी अंदाज घेतला. स्थलांतरित कुटुंब जितकी वर्षं तिथे राहतं तितकी त्याच्या मुलांची नावं अमेरिकन वळणाची होत जातात, आणि हा वेग तेव्हा आणि आता सारखाच निघाला. गुन्हेगारीच्या आरोपाचंही त्यांनी सहकाऱ्यांबरोबर १८७० पासूनच्या नोंदी लावून बघितलं. स्थलांतरितांचं तुरुंगात जाण्याचं प्रमाण तिथे जन्मलेल्यांपेक्षा जास्त कधीच नव्हतं, आणि आज तर ते बरंच कमी आहे.

## "पण ते मराठी शिकले. हे शिकत नाहीत."

हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. मराठी जगावी, वाढावी, तिच्यात व्यवहार व्हावा असं मलाही मनापासून वाटतं. म्हणूनच याचं उत्तर नीट द्यायला हवं.

जुने लोक पहिल्या दिवशी मराठी शिकले, ही गोष्ट खरी नाही. कसब्यात फडके हौदापाशी गुजराती शाळा आहे. पिंपरीत सिंधी समाजाच्या शाळा निघाल्या, कानडी मंडळींनी कानडी माध्यमाची शाळा काढली. आपापल्या भाषेची शाळा काढणं, आपला देव बसवणं, आपल्या लोकांच्या आसपास खोली घेणं हे सगळं जुन्यांनीही केलं. आणि आपण तिकडे काय करतो? उत्तर अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून आहे, रविवारच्या मराठी शाळा भरतात, गणपती बसतो, ढोल-ताशा वाजतो. त्याचे व्हिडिओ आले की पुण्यात आपल्याला भरून येतं. नदीकाठी छटपूजेला बायका पाण्यात उभ्या राहिल्या की त्याच आपल्याला "हे मिसळत नाहीत" असं का वाटावं?

भाषा बहुतेक वेळा दुसऱ्या पिढीत येते. आई-बाप मोडकंतोडकं बोलतात, मुलं फडाफडा बोलतात. वारज्याच्या पुढे एका महापालिकेच्या दवाखान्यात मी हे डोळ्यांनी पाहिलं. बिहारमधून आलेली एक बाई तापाने फणफणलेली, डोक्यावर पदर ओढून बाकावर बसली होती. बरोबर आठ-नऊ वर्षांची मुलगी, अंगात पालिकेच्या शाळेचा गणवेश. सिस्टर हिंदीत विचारत होत्या आणि पोरगी मराठीत उत्तर देत होती. "तिला थंडी वाजून ताप येतोय. रात्री जास्त येतो. गोळी घेतली की उतरतो, परत चढतो." मग वळून आईला तिच्या बोलीत सांगे आणि पुन्हा सिस्टरकडे बघून, "ती म्हणतेय, चक्कर पण येतेय." सिस्टर हिंदी सोडायला तयार नव्हत्या, पोरगी मराठी सोडायला तयार नव्हती.

त्या दवाखान्यात मराठी कुणी टिकवली, हे मला कुणी सांगायची गरज उरली नाही. आणि एक गोष्ट आपल्यालाही कबूल करावी लागेल. भाजीवाला, रिक्षावाला, सुतार, वॉचमन जरा वेगळ्या चेहऱ्याचा दिसला की आपण स्वतःच हिंदीवर उडी मारतो. समोरचा दहा वर्षं पुण्यात राहून मराठी शिकला नाही, याचा अर्थ दहा वर्षांत त्याच्याशी मराठीत बोलणारा कुणी भेटला नाही, असाही होतो. साइटवर सकाळी आठपासून अंधार पडेपर्यंत त्याच्या गावचीच माणसं, मुकादम हिंदी बोलणारा, रात्री खोलीवर पुन्हा तीच माणसं. तो कुणाकडून शिकणार?

२०२० मध्ये महाराष्ट्राने सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची केली. मोठ्या माणसांसाठी, कामाच्या वेळेनंतर, साइटच्या जवळ असा मराठीचा वर्ग मात्र शोधूनही सापडणं अवघड आहे. सक्तीची मागणी करताना शिकवण्याची सोय मागायला आपण विसरतो.

## "जुने कष्टाने वर आले. यांना कष्ट नकोत."

या आक्षेपाचं उत्तर माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं आहे. कारण इथे माणसं सारखीच आहेत, बदलली आहे ती चढायची शिडी.

१९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, पुढच्या दशकात बजाज, टेल्को आले. कोकणातला, खानदेशातला, केरळमधला, उत्तर प्रदेशातला माणूस तिथे लागला तो आधी हंगामी आणि मग ‘पर्मनंट’ होण्याची आशा धरून. पर्मनंट झाला की प्रॉव्हिडंट फंड, ईएसआयचं कार्ड, युनियन, दिवाळीचा बोनस, सोसायटीचं कर्ज. एका पगारावर घर उभं राहायचं, मुलगी बी.एड. व्हायची. आज त्याच पट्ट्यात येणारा मुलगा ठेकेदाराकडे लागतो. सहा-सात महिन्यांनी ‘ब्रेक’ मिळतो आणि पुन्हा नव्या नावाने पहिल्या दिवसापासून सुरुवात. बापाच्या पिढीला जी पायरी पाच वर्षांत मिळाली ती याला पंधरा वर्षांतही मिळत नाही, मग त्याने कितीही घाम गाळला तरी.

घराचं तसंच. १९८०-९० च्या दशकात धनकवडी, कात्रज, वडगाव, वारजे या गावांच्या शेतजमिनी गुंठ्यागुंठ्याने विकल्या गेल्या. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. दुष्काळातून आलेल्या माणसाने भिशी, सोनं, उसनवारी करून अर्धा गुंठा घेतला, आधी पत्रा टाकला, मग भिंत, मग स्लॅब. ते बांधकाम कायद्यात बसत नव्हतं. पण २००१ मध्ये गुंठेवारीचा कायदा होऊन नियमात आणण्याची वाट काढली गेली. अनेक घरांत आज खाली मालक आणि वर भाड्याने राहणारा मराठवाड्याचा स्पर्धा परीक्षेवाला मुलगा किंवा बंगालचा प्लंबर अशी रचना आहे. वर राहणाऱ्याला अर्धा गुंठा परवडेल का? त्याच्या आयुष्यभराच्या कमाईत नाही.

"आम्हाला कुणी मदत केली नाही" हेही पुरतं खरं नसतं. पेठा वसवताना व्यापारी-कारागिरांना करात सूट दिली गेली होती. फाळणीत आलेल्यांसाठी सरकारने वसाहती बांधल्या आणि १९५४ मध्ये भरपाईचा कायदा केला. ते करायलाच हवं होतं. अमेरिकेत १८६२ च्या कायद्याने नागरिक होऊ इच्छिणाऱ्या परदेश्यालासुद्धा १६० एकर जमीन जवळजवळ फुकट मिळू शकत होती. ती जमीन मूळच्या रहिवाशांकडून घेतलेली होती, हे वेगळंच. मदत घेऊन उभ्या राहिलेल्यांची नातवंडं ती मदत विसरतात. कुणाच्या मनात खोट असते म्हणून असं होतं असं नाही. घरातल्या गोष्टींत आजोबांचे कष्ट सांगितले जातात, सरकारी कागद कुणी सांगत बसत नाही.

आता नव्या माणसाची जागा बघा. पत्र्याची दहा बाय दहाची खोली, तीत पाच-सहा जण. उन्हाळ्यात दुपारी पत्र्याला हात लावता येत नाही. बाहेर निळं पिंप, टँकर आला तर भरलं. खिळ्याला टांगलेल्या डब्यांच्या रांगेत एकाच प्लगला लावलेले सगळ्यांचे फोन. गावाहून येतानाच मुकादमाची उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत हातात फक्त आठवड्याची खर्ची. २९ जून २०१९ च्या पहाटे कोंढव्यात अशाच खोल्यांवर शेजारच्या इमारतीची संरक्षक भिंत कोसळली. १५ माणसं गेली, त्यात लहान मुलंही होती. बहुतेक बिहारची. कष्ट नकोत असं ज्यांच्याबद्दल म्हटलं जातं, ती ही माणसं.

## "जुने नियमाने आले, रांगेत उभे राहून."

अमेरिकेत हे वाक्य फार चालतं. पहिल्या महायुद्धापर्यंत युरोपातून येणाऱ्याला व्हिसा लागत नव्हता. तिकीट काढायचं, बोट पकडायची आणि न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर उतरायचं. तिथे डॉक्टर तपासायचा, काही प्रश्न विचारले जायचे आणि शंभरातले साधारण दोन परत पाठवले जायचे. नियम मोडायला आधी नियम असावे लागतात. आजचा मराठी इंजिनिअर मात्र तिथे दहा-पंधरा वर्षं कर भरूनही ग्रीन कार्डाच्या रांगेत उभाच असतो, कारण कुठल्याही एका देशाच्या वाट्याला एकूण जागांच्या सात टक्क्यांपेक्षा जास्त जागा येत नाहीत. काकांपेक्षा तो कमी शिकलेला नाही, उलट बऱ्याचदा जास्तच. रांग लांबली आहे एवढंच.

पुण्यातही जुन्या मंडळींना खोली मिळाली ती गाववाल्याच्या शब्दावर. आज भाडेकरार, पोलिस पडताळणी, आधार, अनामत, आणि एवढं करून "आम्ही यांना देत नाही" हे उत्तर.

## "माणसं चांगली असतील, पण संख्या?"

या आक्षेपात तथ्य आहे. १९५१ मध्ये पुणे शहराची वस्ती पाच लाखांच्या आतबाहेर होती. २०११ मध्ये ती ३१ लाखांवर गेली आणि शेजारी पिंपरी-चिंचवड १७ लाखांवर. त्यात २०१७ ला अकरा आणि २०२१ ला तेवीस गावं महापालिकेत आली. खडकवासल्याचं पाणी मात्र या हिशेबाने वाढलं नाही, रस्ते वाढले नाहीत.

पण या संख्येत कोण आहे तेही बघू. पुण्यात येणाऱ्यांतले बहुसंख्य महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या जिल्ह्यांतून येतात. गर्दीचा राग काढायला मात्र वेगळी बोली बोलणारा सोपा पडतो. पिंपातल्या पाण्यावर सहा माणसांचा दिवस काढणारी खोली शहराचं पाणी पीत नाही, आणि सायकलवर कामाला जाणारा सेंट्रिंगवाला चौक तुंबवत नाही. नळ पोहोचण्याआधी टॉवरला परवानगी कुणी दिली आणि बस का वाढल्या नाहीत, हे प्रश्न महापालिकेला विचारायचे आहेत. ते नव्या माणसाला विचारले तर उत्तर मिळणार नाही आणि खड्डाही बुजणार नाही.

## मग बघायचं काय?

नवे लोक जुन्यांसारखे आहेत का, यापेक्षा जुन्यांना जे मिळालं त्यातलं काय नव्यांना मिळतंय, हे तपासलं तर बरंच काही हाताला लागतं. बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्याने साइटवर राहण्याची नीट सोय, स्वच्छतागृह आणि पन्नासहून जास्त बायका कामावर असतील तिथे पाळणाघर सांगितलं. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकरातून कामगारांसाठी निधी उभा केला. त्या निधीतून मदत मिळायची तर बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, आणि नोंदणीला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. ठेकेदार तो देत नाही म्हणून असंख्य माणसं बाहेर राहतात.

मुलांचं त्याहून सोपं आहे. इमारत पुरी झाली की कुटुंब वाघोलीला किंवा तळेगावला हलतं आणि मुलांची शाळा सुटते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सहा ते चौदा वयाच्या मुलाला वर्षाच्या मध्येही, शाळा सोडल्याचा दाखला हातात नसतानाही, वयाला साजेशा वर्गात घेतलंच पाहिजे. जन्माचा दाखला नाही म्हणूनही नाकारता येत नाही. साइटवरच्या आई-बापांना हे सहसा ठाऊक नसतं, आणि काही शाळांच्या ऑफिसातही ते सांगून द्यावं लागतं. तुमच्या सोसायटीशेजारी काम चालू असेल आणि दिवसभर वाळूच्या ढिगावर मुलं दिसत असतील, तर जवळच्या पालिकेच्या शाळेत मुख्याध्यापकांना भेटून ही दोन कलमं पुढे ठेवायला अर्धा तास लागतो. प्रवेश बहुधा त्याच आठवड्यात होतो.